आपलं ते कार्टं

शुक्रवार आमच्या घरात आधी नाकाला कळायचा. माझी हॉकीची बॅग आठवडाभर मागच्या अंगणात उन्हाला पडलेली असे आणि गुरुवारी संध्याकाळी आई एकेक वस्तू झटकून आत आणायची: गुडघ्यांची पॅड्स, खांद्यांचं चिलखत, हातमोजे, हेल्मेट. कतारच्या उन्हात दगड तापून फुटेल, पण हॉकीच्या हातमोज्यातला घामाचा वास त्या उन्हालाही पुरून उरायचा. मग आईनं कापराची युक्ती काढली. प्रत्येक मोज्यात एक वडी, हेल्मेटमध्ये दोन. देवाला लागत नाही एवढा कापूर या पोरीच्या मोज्यांना लागतो, असं ती दर गुरुवारी म्हणायची आणि दर गुरुवारी न चुकता घालायची. बर्फावर माझ्या शेजारून जाणारी मुलं विचारायची, तुला कसला वास येतो गं? मी सांगायचे, देवळाचा. त्यांना वाटायचं मी थट्टा करतेय.

कतारमध्ये आइस हॉकी? हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की आता मी उत्तर देत नाही, नुसती बघत राहते. हो, वाळवंटात. दोह्यातल्या एका मॉलच्या पोटात बर्फाचं मैदान होतं, एका अंगाला बर्गरची दुकानं आणि दुसऱ्या अंगाला लहान मुलांची आगगाडी. आम्ही राहायचो अल खोरला, कंपनीच्या वसाहतीत. बाबा मूळचे नाशिकचे. गॅसच्या प्लांटमध्ये मीटर तपासणं हे त्यांचं काम, म्हणजे प्रेशरचा काटा खरं बोलतोय की थापा मारतोय हे बघायचं आणि थापा मारत असेल तर त्याला वठणीवर आणायचं. हा स्वभाव घरीही उतू जायचा. मला ताप आला तर बाबांचा पहिला संशय थर्मामीटरवर. आई म्हणायची, पोरगी फणफणलीय आणि हे काचेच्या नळीची उलटतपासणी घेतायत. पुढच्याच गल्लीत ग्रेग राहायचा, बाबांच्या खात्यातला, कॅनडाचा. उंच, उन्हानं लाल झालेल्या मानेचा, मोठ्यानं हसणारा. तो मुलांचा हॉकीचा क्लब चालवायचा, फुकट. त्याच्या मोठ्या मुलाचे जुने स्केट्स एकदा माझ्या पायात चढले ते पुढं उतरलेच नाहीत. खांद्यांचं चिलखत मला ढगळ व्हायचं, त्याला आईनं परकराची नाडी शिवून दिली होती.

शुक्रवारी मॉल दुपारच्या नमाजानंतर उघडायचा, म्हणून सकाळचं बर्फ आमचं. आम्ही उजाडता उजाडता निघायचो. रस्ता दर आठवड्याला वेगळा. कालपर्यंत सरळ जाणारा रस्ता आज डावीकडे वळवलेला, उद्या तिथं खड्डा, परवा पूल. सगळं शहर वर्ल्डकपसाठी उकरून ठेवलं होतं. आमच्या अल खोरच्या वेशीवरही तंबूच्या आकाराचं स्टेडियम चढत होतं, आणि ते मागे टाकून आम्ही दोह्याकडे निघालो की बाबा दर वेळी म्हणायचे, हे पुरं होईपर्यंत आपण इथं असू का कोण जाणे. गाडीत मी लसणीची चटणी लावलेले पोळीचे रोल खायचे. ग्रेगनं सांगितलं होतं खेळण्याआधी फक्त केळं खायचं. आईला विचारलं तर म्हणाली, त्याला म्हणावं केळ्यावर काय ती माकडं जगतात.

मॉलच्या मागच्या दारानं आत गेलं की अर्धे दिवे, दुकानांची शटरं खाली, आणि लांबून येणारा तो गार, ओला, थोडासा पेट्रोलसारखा वास. पहिल्यांदा पात्या बर्फावर टेकल्या की जो आवाज होतो, कापड फाडल्यासारखा, तो मला आजही कधी कधी झोपेत ऐकू येतो. मला बर्फावर जे सुख मिळालं ते पुढं कशातच मिळालं नाही. नोकरीत नाही, लग्नात नाही. नवऱ्यानं हे वाचलं तरी चालेल, त्याला ठाऊक आहे.

मोसम सुरू व्हायच्या आधी क्लबात ड्राफ्ट व्हायचा. ड्राफ्ट म्हणजे आपल्याकडं गल्लीत दोन कॅप्टन आळीपाळीनं पोरं उचलतात ना, तेच, फक्त टाय लावून. त्याआधी दोन शुक्रवार पारख. सगळ्या मुलांच्या अंगात नंबरची जाकिटं, आणि काचेबाहेर फूड कोर्टाच्या खुर्च्यांवर पाच पालक बसून प्रत्येक मुलाला दहापैकी मार्क देणार. स्वतःच्या मुलालाही द्यायचे, त्यात लपवाछपवी नाही. मग सगळ्यांच्या मार्कांची सरासरी काढून ग्रेग क्रम लावायचा आणि कोच लोक त्या क्रमानं मुलं वाटून घ्यायचे. त्या वर्षी पालकांमध्ये फार भांडणं झाली होती. प्रत्येक बापाला वाटायचं आपण तरुणपणी खेळलोय म्हणजे आपल्यालाच कळतं. म्हणून ग्रेग बाबांकडं आला आणि म्हणाला, तुला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही, मला तूच पाहिजेस.

बाबांनी ते काम असं अंगावर घेतलं की जणू त्यांना कोर्टात न्यायाधीश नेमलंय. जेवताना वाटी म्हणजे गोल, हिरवी मिरची म्हणजे मी, आणि पक, म्हणजे ती रबराची चकती, तिच्या जागी लिंबाची फोड. त्यांना ग्रेगनं शिकवलं होतं की चकतीकडं बघायचं नाही, ज्याच्याजवळ चकती नाही तो काय करतोय ते बघायचं. पडल्यावर किती लवकर उठतो ते बघायचं. मान वर ठेवून खेळतो की पायाकडं बघत, नावडत्या बाजूला वळता येतं की नाही. बाबा हे सगळं आम्हाला समजावून सांगायचे आणि आई म्हणायची, लिंबू पिळा आता वरणावर, सामना संपला.

त्या वर्षी एक गोष्ट नवी होती. ड्राफ्टमधल्या पहिल्या सहा मुलांना उन्हाळ्यात कॅनडातल्या एका शाळेत शिबिराला जायला मिळणार होतं, आणि तिथं चांगला खेळला त्याला ती शाळा ठेवून घेणार होती. एरवी मी सहांत आले काय आणि नवांत आले काय, फार बिघडत नव्हतं. पण गॅसचे भाव पडले होते, वसाहतीतली घरं एकेक करून रिकामी होत होती, आणि बाबांना साहेबांनी सांगून टाकलं होतं की मे महिन्यानंतर तुमचं काम नाही. म्हणजे उन्हाळ्यात आम्ही नाशकात. आणि नाशकात तेव्हा बर्फ म्हणजे काठीवरचा गोळा, कालाखट्टा नाहीतर रोझ. त्या सहांत नाव आलं नाही तर माझं हॉकी त्या मोसमाबरोबर खलास, हे मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं आणि बाबांनाही. पंधरा वर्षांच्या मुलीला दुसरं काही सुचत नव्हतं. मी देवापुढं उभी राहून फक्त तेवढंच मागायचे.

दोन्ही शुक्रवारी मी चांगली खेळले. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, मला माझं वाईट खेळणंही नीट आठवतं. दुसऱ्या शुक्रवारी तर एक मोठा लेबनानी मुलगा, करीम त्याचं नाव, चकती घेऊन सुसाट आला आणि मी उलट्या पावली सरकत सरकत त्याला कडेच्या फळीला नेऊन चिकटवलं. फळीचा धाडकन आवाज झाला. काचेबाहेर बाकीचे बाप हसले, एकानं टाळी वाजवली. माझे बाबा मान खाली घालून लिहीत होते.

खेळ संपल्यावर बाहेर गाड्यांच्या तळावर आम्ही कडक प्यायला थांबलो. दाटसर गोड वेलचीचा चहा, कागदी पेल्यात. ग्रेग खुशीत होता. त्यानं बाबांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला की हे मार्कांचं काम आता त्याला तोंडपाठ झालंय. प्रत्येक बाप आपल्या पोराला दोन मार्क जास्तच देतो, इतक्या वर्षांत एकही अपवाद नाही. म्हणून तो वाद घालत बसत नाही. बापानं दिलेल्या आकड्यातून गुपचूप दोन कापतो, झालं. तुझ्याही पोरीचे कापलेत हं, राग मानू नको, क्रम उद्या पक्का करतो. बाबाही हसले. पण चहा त्यांनी तसाच ठेवला, आणि परतताना सकाळीच आलेल्या रस्त्यावर वळण चुकले. मला वाटलं उन्हानं डोकं दुखत असेल.

दुपारी आम्ही वरणभात जेवत होतो. बाबांनी पहिला घास घेतला आणि आईला सांगितलं, "मी तिला सहा दिले होते."

आईला आधी कळेना. मग बाबांनी ग्रेगचं कापाकापीचं गणित सांगितलं. म्हणजे सहाचे चार झाले. आईनं विचारलं, मग तुमच्या मते खरे किती द्यायला हवे होते? बाबा ताटाकडं बघत म्हणाले, "साडेआठ. आज कदाचित नऊ."

खरं सांगते, ते ऐकून मला पहिल्यांदा आनंद झाला. नऊ! बाबांनी मला कधी तोंडावर बरी खेळलीस असंसुद्धा म्हटलं नव्हतं. माझे आजोबा शाळामास्तर, बाबा त्यांच्याच वर्गात शिकले, आणि मास्तरांचा पोरगा म्हणून वर्गात पहिली छडी बाबांना, बक्षिसाला नाव मात्र शेवटी. लोकांनी बोट दाखवू नये. बाबा तसेच वाढले आणि त्यांना ते रास्त वाटायचं. तेव्हा नऊ हा आकडा ऐकून मी क्षणभर हरखले, आणि मग हिशोब मांडला. पाच जणांच्या सरासरीत एवढी तफावत म्हणजे मी सहांतून बाहेर. सहावा आणि नववा यांच्यात केसाचा फरक असतो, हे बाबांनीच वाटी-मिरची मांडून शिकवलं होतं.

आई भडकली की आवाज चढवत नसे, उलट हळू बोलायची. ती म्हणाली, जगात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्या घरात उलटा कारभार, दुसऱ्याचा तो बाब्या आणि आपलं ते कार्टं. बाबा म्हणाले, मी कुणाचं वाईट केलं नाही, संशय येऊ नये म्हणून हात राखून दिले. आई म्हणाली, हात राखून दिले ते कुणाच्या पोरीचे? आज संध्याकाळी जा आणि त्याला सांगा. बाबा म्हणाले, काय सांगू, माझ्या मुलीचे मार्क वाढव म्हणू? जन्मात कुणाकडं वशिला लावला नाही.

"वशिला नाही हो," आई म्हणाली. "काटा चुकीचा दाखवत असला तर तुम्ही सांगता ना? या वेळी काटा तुम्ही आहात."

बाबांनी ताट बाजूला सारलं. ते उठले, हात धुतले आणि मला म्हणाले, संध्याकाळी तूही चल. माझ्या जिवात जीव आला. बाबांनी एकदा चल म्हटलं म्हणजे काम झालं, असं मला वाटत होतं.

निघताना आईनं ग्रेगसाठी डबाभर चकल्या भरल्या. बाबांनी डबा हातात घेतला, दोन पावलं गेले, परत आले आणि चपलांच्या कपाटावर ठेवून म्हणाले, लाच दिल्यासारखं दिसेल. आईनं कपाळाला हात लावला. म्हणाली, नका नेऊ, पण ताकाला जाऊन भांडं लपवू नका एवढंच सांगते. आम्ही गल्ली ओलांडून चाललो. संध्याकाळची दमट हवा, झाडांना पाणी सोडलेलं, कुणाच्या तरी घरातून माशांचा वास. बाबा मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते, त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. मला त्यांचा फार अभिमान वाटला. माझ्यासाठी ते आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या दारात काही मागायला चालले होते.

ग्रेग गॅरेजमध्ये मुलांच्या स्केट्सना धार लावत होता. सहाण गरगरत होती, ठिणग्या उडत होत्या. आम्हाला बघून तो हसला, त्यानं एका उलट्या बादलीवर बाबांना बसायला सांगितलं. बाबा बसले नाहीत. मार्कांबद्दल थोडं बोलायचं होतं, असं म्हणाले. ग्रेगनं यंत्र बंद केलं. एकदम शांत झालं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं, आणि अगदी मऊ आवाजात, जणू स्वतःच दार उघडून धरल्यासारखं विचारलं, मुक्ताबद्दल का?

"नो, नो," बाबा म्हणाले. "नॉट माय डॉटर."

मी त्यांच्या मागं उभी होते. मला वाटलं हे बोलायची सुरुवात असेल, आता ‘पण’ म्हणतील आणि पुढं सांगतील. त्यांनी घसा साफ केला. मग म्हणाले की अकरा नंबरच्या मुलाबद्दल, करीमबद्दल. पहिल्या शुक्रवारी त्याच्या उजव्या स्केटची पाती सैल होती, म्हणून तो वळताना घसरत होता. इतरांच्या ते लक्षात आलं नसावं. त्याचे त्या दिवसाचे मार्क धरू नयेत, अन्याय होईल. आणि हे सगळं ते इतक्या पद्धतशीर, इतक्या नीट सांगत होते, की जणू त्याचसाठी आलो होतो. ग्रेगनं सगळं ऐकून घेतलं, बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, क्लबात तुझ्यासारखी आणखी दोन माणसं असती तर किती बरं झालं असतं. करीमचं तो बघतो म्हणाला. मला म्हणाला, तुझे वडील फार सच्चे आहेत. मी थँक यू म्हटलं. काय करणार, आईनं तशी सवय लावली होती.

परत येताना मशिदीची बांग होत होती. बाबा एकच वाक्य बोलले, त्या मुलावर खरंच अन्याय झाला असता. मला इतका राग आला होता की वाटत होतं त्यांना तिथंच रस्त्यात ढकलून द्यावं. आणि मग त्यांच्याकडं बघितलं तर सदरा पाठीला चिकटलेला, चष्मा घामानं नाकावरून घसरलेला, आणि ते चालत होते, शाळेत मार खाऊन आलेला मुलगा घराकडं जातो तसे, हळू, दार जितकं लांब राहील तितकं बरं. मला त्यांची कीव आली. बापाची कीव येणं फार वाईट, ते रागापेक्षा वाईट. राग पुढं विरला, ते नाही विरलं.

आई दारातच उभी होती. तिनं विचारलं, सांगितलंत का? बाबांनी चपला काढायला बराच वेळ लावला. एकेक चप्पल उचलून कपाटात ठेवली. आईनं पुन्हा विचारलं.

"सांगितलं त्यांनी," मी म्हणाले. "पण ग्रेगचं सगळं ठरून गेलं होतं. तो नाही म्हणाला."

बाबांनी माझ्याकडं बघितलं नाही. काट्याला खोटं बोलू न देणारा माणूस, तो तसाच आत गेला. ते म्हणाले असते की नाही, मुक्ता खोटं बोलतेय, तर मी त्यांचे पाय धरले असते. आईनं मला जवळ घेतलं आणि ग्रेगला पहिली शिवी घातली. मग मला रडू आलं, आणि ती समजली की कॅनडासाठी रडतेय. कॅनडासाठीही रडत होतेच की. पण त्याहून, विचारलं गेलं असताना बाबांनी मला नाही म्हटलं, ते आत कुठंतरी जाऊन बसलं होतं.

सहांत शेवटचा करीम लागला. त्याच्या खाली मी. मोसमभर मी खेळले, बाबा दर शुक्रवारी घेऊन गेले, दर शुक्रवारी काचेबाहेर बसले. आम्ही फारसं बोलायचो नाही. शेवटच्या शुक्रवारी मी सगळे गेल्यावरही बर्फावर गोल गोल फिरत राहिले, सफाईचं यंत्र घेऊन आलेला माणूस कडेला थांबून राहिला, यल्ला यल्ला, चला आता, म्हणाला नाही. मग मीच बाहेर आले. जूनमध्ये आम्ही नाशकात आलो. स्केट्स सामानात आले नाहीत, ते ग्रेगच्या क्लबाला देऊन टाकले. आता कुणी फुकट नेऊन उभं केलं तरी मी बर्फावर पाऊल टाकणार नाही.

आईनं मात्र ग्रेगला सोडलं नाही. पाहुणे आले, मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला, टीव्हीवर कुठं कॅनडाचं नाव आलं की तिची टेप सुरू व्हायची. आमची मुक्ता कुठल्या कुठं गेली असती, आमचे हे स्वतः त्याच्या दारात गेले होते, जन्मात कुणाकडं गेले नाहीत ते पोरीसाठी गेले, पण त्या लालमान्यानं ऐकलं नाही. हे सांगताना तिच्या आवाजात ग्रेगचा राग असायचा आणि बाबांचा अभिमान. त्या एका गोष्टीवर तिनं बाबांचं बाकी सगळं माफ केलं होतं. बाबा समोर बसलेले असायचे, पेपर वाचत. पान उलटायचं राहून जायचं. आज बोलतील असं वाटून मी कित्येकदा त्यांच्याकडं बघायचे. वर्षानुवर्षं गेली. मीही बोलले नाही, कारण आईच्या आयुष्यात नवऱ्याबद्दल मिरवण्यासारखी तीच एक गोष्ट होती, ती मी कशी काढून घेणार?

आई गेली. दिवसकार्य उरकल्यावर घरात आत्या, बाबांची धाकटी बहीण, आणि दोन-चार नातेवाईक राहिले होते. माणसं अशा वेळी गेलेल्याच्या गोष्टी काढतात. आत्यानं आईची नक्कल करत तीच गोष्ट काढली, डोळे पुसत पुसत हसली आणि म्हणाली, वहिनीच्या जिवाला ते फार लागलं होतं गं, त्या गोऱ्यानं पोरीवर अन्याय केला ते.

बाबा खिडकीजवळ बसले होते. ते म्हणाले, "गोऱ्यानं नाही. मी केला."

दुःखात माणूस काहीही बोलतो, अशा नजरेनं आत्यानं माझ्याकडं बघितलं. मग त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, अरे दादा, असं काय बोलतोस, तू तर स्वतः गेला होतास ना पोरीसाठी?

बाबा माझ्याकडं बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत.

"गेलो होतो," ते म्हणाले.